वईवरचा अडुळसा

गुहागरकडच्या आमच्या घरामागे औषधी झाडं कुणी आखून लावलेली नव्हती. पाणी जाईल तशी ती लागत गेली. न्हाणीचं सांडपाणी जिरायचं तिथे गवती चहाचं बेट, विहिरीच्या पाटाला कायम ओल तिथे वेखंड आणि ब्राह्मी. कळशी घेऊन कुणी जात नसे अशा टोकाला अडुळशाची वई. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत आणि मृगात फांदी खोचली की ती जीव धरते. कुंपणाला याहून स्वस्त काय मिळणार? खोकल्याचं औषध हा त्याचा वरकड फायदा.

अडुळशाचं कोवळं पान आजी घ्यायची नाही. जून, पिवळटायला लागलेली पानं केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायची, कारण कच्चं पान कितीही कुटलं तरी रस सोडत नाही. शेक लागला की मऊ पडतं आणि पिळता येतं. चमचाभर रसात मध. वेखंडाच्या बाबतीत ती त्याहून कडक. सहाणेवर बाळगुटी उगाळताना हळकुंडाचे वळसे सुनेवर सोपवायची, वेखंडाचा मात्र एकच वळसा आणि तोही स्वतःच्या हातानं. वेखंडातल्या असारोन या द्रव्यामुळे अमेरिकेनं १९६८ साली ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली, हे मी फार उशिरा वाचलं.

हिवतापाला पालेकिराईत. पावसाळ्यात आपोआप उगवायची, आश्विनात उपटून वळचणीला टांगलेली असायची. पोस्टात पैशाला क्विनाइनची पुडी मिळायची त्या काळातही पणजी आधी किराइताचा काढा द्यायची आणि थंडी पुन्हा भरली की मुकाट्यानं पोस्टात माणूस धाडायची. तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे. परसावर एवढा विश्वास असलेली बाई पुडी मागवते, याचं नवल आम्हालाच.

त्याचं कारण बहुधा मानमोडीत होतं. १९१८ सालची ती साथ. मुंबईत जूनमध्ये शिरली, पावसाळा सरताना दुप्पट जोरानं उलटली आणि एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं घेऊन गेली. आमच्या वाडीत ती गिरणीतून घरी आलेल्या चाकरमान्यांबरोबर आली, असं पणजी सांगायची. त्या साली पावसानंही दगा दिलेला. होतं तेवढं भात शेतात उभं, कापायला हात नाहीत. अग्नी देऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः आडवा. सगळ्या वाडीनं पणजीच्या वईवरचा पाला ओरबाडून नेला, तो इतका की परसातून थेट पलीकडच्या घराचं अंगण दिसायला लागलं. त्या अंगणातली दोन माणसं अडुळसा पिऊनच गेली. "अडुळसा खोकल्याला. मानमोडीला नाही," एवढंच ती म्हणे. वई चैत्रात पुन्हा भरली.

कोरोनात हे वाक्य मला फार वेळा आठवलं. तेव्हा गावोगावी रायवळ आंब्यांवरची गुळवेल तोडली गेली, लोक महिनोन् महिने काढा पीत राहिले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल, असं म्हटलं. वाद राहू दे. पण रोज पेलाभर, महिनोन् महिने, हे आजीच्या कुठल्याच औषधात बसत नव्हतं. तिच्याकडे काढा तीन दिवस; चौथ्या दिवशी डॉक्टर.

परस आता आत्ते बघते. पुण्या-मुंबईची मंडळी कुंडीसाठी रोप मागतात तेव्हा अडुळशाच्या फांद्या ती हव्या तेवढ्या देते, गुळवेल मात्र मागणाऱ्याला पान ओळखता येतं का हे विचारल्याशिवाय नाही. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि ते खोकल्याच्या औषधात घालतात, हे मी तिला कौतुकानं सांगितलं.

"बरं झालं," आत्ते म्हणाली, "आता वईवरचे दोन झेले तरी वाचतील."