सँडी डेनी यांची बीबीसी ध्वनिमुद्रणे : इतिहाससाधन म्हणून एक विचार

ब्रिटिश फोक-रॉक संगीताच्या इतिहासात गायिका व गीतकार सँडी डेनी (१९४७-१९७८) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १९६८ मध्ये त्या 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या वृंदात सामील झाल्या. १९७१ पासून त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध होऊ लागल्या. अभ्यासक बहुधा या ध्वनिमुद्रिकांवरच विसंबतात. बीबीसी रेडिओसाठी त्यांनी केलेले गायन मात्र पुरवणीदाखल उल्लेखिले जाते. हा क्रम तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही ध्वनिमुद्रणे कलाप्रेमातून निर्माण झाली, असा समज सर्वस्वी खरा नाही. त्यांच्या मुळाशी एक करार होता. १९३४ मध्ये स्थापन झालेली 'फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड' ही ध्वनिमुद्रिका कंपन्यांची हक्कसंस्था आणि वादकांची कामगार संघटना यांच्या आग्रहामुळे बीबीसीला ध्वनिमुद्रिका वाजविण्यास मर्यादित तासच मिळत. त्यास 'नीडल टाईम', म्हणजे सुईचा वेळ, म्हणत. उरलेला वेळ भरून काढण्यासाठी कलावंतांना स्टुडिओत पाचारण करावे लागे. सप्टेंबर १९६७ मध्ये रेडिओ १ सुरू झाल्यावर ही निकड अधिकच वाढली. मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाने १९८८ च्या अहवालात ही मर्यादा रद्द करण्याची शिफारस केली, तोपर्यंत ती या ना त्या स्वरूपात टिकून होती. वादकांच्या पोटापाण्यासाठी घातलेल्या निर्बंधातून संगीताचा एवढा ठेवा निर्माण व्हावा, हे नवलच!

मात्र वेळ भरण्यासाठी केलेली वस्तू जपण्याजोगी वाटत नाही. प्रसारण झाले की अनेक फिती पुसून पुन्हा वापरल्या जात. परदेशी केंद्रांना पाठविण्यासाठी बीबीसीच्या 'ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस'ने तबकड्या काढल्या, त्यांमुळे काही भाग वाचला. उरलेल्यातील काही भाग घरी रेडिओवरून फिती भरून घेणाऱ्या श्रोत्यांनी वाचविला. २००७ मध्ये 'लाइव्ह ॲट द बीबीसी' हा चार तबकड्यांचा संच निघाला. ज्यांच्या मूळ फिती नष्ट झाल्या होत्या, अशा गीतांसाठी या संचात श्रोत्यांच्या फितींचा आधार घ्यावा लागला. अधिकृत संग्रहाने टाकून दिलेले साधन अनामिकांनी राखावे, हा अनुभव बखरी आणि दप्तरे धुंडाळणाऱ्या आपल्याकडील संशोधकांना अपरिचित नाही.

अशा फितींची चिकित्सा अर्थातच केली पाहिजे. यंत्राची गती किंचित बदलली तरी स्वराची पट्टी बदलते. निवेदकाचा आवाज गीताच्या आरंभी वा अखेरी मिसळलेला असतो. तारीखही पुष्कळदा स्मरणावरून लिहिलेली असते. परंतु ध्वनी खरखरीत आहे म्हणून पुरावा दुय्यम, हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकास मान्य नाही. मुद्रित संहितेच्या बाबतीत असा निकष आपण लावत नाही.

या साधनाचे खरे मोल १९७३ च्या ध्वनिमुद्रणांतून कळते. 'लाइक ॲन ओल्ड फॅशन्ड वॉल्ट्झ' ही ध्वनिमुद्रिका १९७४ मध्ये बाजारात आली. तिच्या शीर्षकगीतावर हॅरी रॉबिन्सन यांच्या तंतुवाद्यांच्या रचनेचा दाट थर आहे. तेच गीत, तसेच 'सोलो' हे गीत, त्यापूर्वीच डेनी यांनी रेडिओवर केवळ पियानोच्या साथीने गायिले होते. तेथे श्वासाची जागा, ओळीअखेरचा विलंब, पियानोच्या डाव्या हाताचा संथ ठेका, सारे उघडे ऐकू येते. ध्वनिमुद्रिकेत जे सौंदर्य वाद्यवृंदाचे वाटते, त्याचा बराचसा भाग मुळात त्यांच्या चालीतच होता, हे या रेडिओच्या फितीवाचून सिद्ध करता आले नसते.