निवडलेला वंश : एका शब्दाचा मागोवा

‘निवडणे’ हा शब्द मराठी माणसाला पहिल्यांदा भेटतो तो स्वयंपाकघरात. तांदूळ निवडायचे म्हणजे खडे काढून टाकायचे, मेथी निवडायची म्हणजे देठ बाजूला. म्हणून ख्रिस्ती मंडळी स्वतःला देवाने निवडलेले लोक म्हणवतात तेव्हा शेजाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, मग आम्ही खडे का? प्रश्न रास्त आहे.

मुळात हा मान ख्रिस्ती लोकांचा नव्हेच, इस्राएलांचा. इब्री भाषेत त्याला ‘सेगुल्ला’ म्हणतात, म्हणजे राजाचा खासगी ठेवा. पण मोशे त्यांना लगेच जमिनीवर आणतो. तुम्ही संख्येने मोठे म्हणून निवडले गेला नाहीत, सगळ्यांत लहान होता, असे तो बजावतो. आमोस हा मेंढपाळ संदेष्टा तर म्हणतो, तुम्हाला निवडले म्हणूनच तुमचा हिशेब जास्त कडक. पुढे पेत्राच्या पहिल्या पत्रात हाच मान आशिया मायनरमध्ये विखुरलेल्या, परक्यासारख्या राहणाऱ्या मूठभर ख्रिस्ती लोकांना दिला गेला. ग्रीकमध्ये तिथे ‘गेनोस’ आहे, मराठी बायबलात ‘वंश’. जन्माने एका वंशाचे नसलेल्या लोकांना वंश म्हणणे, यातच त्या पत्राचे धाडस आहे.

हे धाडस मराठीत आणले एका इंग्रज जेज्विटाने. फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. त्याचे पहिले पुराण येशूवर नाही, जुन्या करारावर आहे. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या गोमंतकीयांची जुनी पुराणे सुटली होती. स्टीफन्सने त्यांना अब्राहाम, मोशे आणि दावीद हे पूर्वज दिले, तेही ओवीत. उसनी वंशावळ म्हणा हवे तर, पण मनापासून गायिलेली.

वसईकडे मात्र हाच शब्द सत्तेच्या हातात पडला. १५३४ मध्ये पोर्तुगीज वसईत स्थिरावले आणि निवडलेले म्हणजे राज्यकर्ते असा सोपा अर्थ रुळला. भिवंडीहून वसईला निघालात की अंजूरफाटा लागतो. त्याच अंजूर गावचे गंगाजी नाईक पोर्तुगीजांच्या धार्मिक जाचाचे गाऱ्हाणे घेऊन पेशव्यांकडे गेले. १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. गंगाजींच्या गाऱ्हाण्यात मला आमोसाचा हिशेब दिसतो. निवडलेल्यांनी दुसऱ्यांना खडे ठरवले की तो चुकता होतोच.

गंमत अशी की मूळ निवडलेले लोक तोवर कोकणात कधीचेच नांदत होते. बेने इस्राएल! नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आडनावे गावावरून, रोहेकर, पेणकर, किहीमकर. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण छापले. म्हणजे उसन्या वंशातल्याने सख्ख्या वंशातल्याला त्याचीच भाषा शिकवायला घेतली. धर्मांतराचा हेतू फारसा साधला नाही. व्याकरण मात्र कामाला आले. १८७९ मध्ये ठाण्यात बेने इस्राएलांनी आपले सिनेगॉग बांधले. पुढे इस्राएलमध्ये गेल्यावर रब्बींनी त्यांच्याच वंशाचा पुरावा मागितला. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करून सांगावे लागले की हे लोक पुरते यहुदी आहेत. जन्माने मिळालेल्या निवडीलाही कागद लागला.

निवड ख्रिस्ती लोकांकडे आली म्हणजे यहुद्यांची रद्द झाली, असे चर्च शतकानुशतके सूचित करत राहिले. कॅथलिक चर्चने हे अधिकृतपणे खोडून काढायला २८ ऑक्टोबर १९६५ उजाडावा लागला.

आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे आणि तो ‘वंश’ या शब्दाशीच अडतो. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून अहमदनगर भागातल्या महार-मांग कुटुंबांनी ‘निवडलेला वंश’ हे शब्द अक्षरशः खरे मानले. वेशीबाहेर ठेवलेल्याला कोणी निवडले म्हणते, याचा अर्थ त्यांना कुठल्याही धर्मपंडितापेक्षा नीट कळला असणार. सरकारनेही हा नवा वंश आपल्या सोयीने खरा मानला, म्हणजे बाप्तिस्म्याने जात सुटली असे धरले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित बाहेरच राहिले. हा दर्जा मिळावा म्हणून चर्चच्या संस्था मागणी करतात, तेव्हा त्यांना मांडावे लागते की बाप्तिस्म्यानंतरही जात सुटत नाही, चर्चमध्येसुद्धा. ही कबुली त्यांच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते.