चावडी, कौल आणि काकांचे पाच फोटो

आज मी स्टुडिओत नाही. दिवेआगरला आमच्या घराच्या पडवीत बसून रेकॉर्ड करतेय. मागे माडांच्या झावळ्यांचा आवाज येत राहील, तो आम्ही मुद्दाम ठेवलाय. हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर तो तुमचा तुम्ही भरून घ्या.

आजचा प्रश्न असा. जिथे कोणाला पगार नाही आणि कोणी कोणाचा साहेब नाही, अशा ठिकाणी एखादा सदस्य म्हणाला, "मला हे करायचंय", तर त्याला "हो, कर" कोण म्हणतं? आणि "थांब" म्हणायचा हक्क कोणाचा? विकिपीडिया रोज आपल्या फोनवर उघडतो, पण तो चालवणारी माणसं कामं कशी मंजूर करतात, हे मला तरी माहीत नव्हतं. एका नोटिशीमुळे कळलं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरावरची कौलं उडाली, आणि माळ्यावरच्या पेटीत पाणी शिरलं. त्या पेटीत काकांचा अल्बम होता. बरेच फोटो एकमेकांना चिकटले, पण पाच वाचले. पाचही सुवर्णगणेशाचे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १७ नोव्हेंबर १९९७ ला दिवेआगरात एका वाडीत खोदताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यातून गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. त्यानंतर गावाचं नशीबच पालटलं, खानावळी आल्या, गाड्या आल्या. २४ मार्च २०१२ ला दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि मुखवटा वितळवला गेला. आज मंदिरात आहे तो नव्याने घडवलेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवलेला. म्हणजे जुना मुखवटा आता फक्त फोटोंत उरलाय, आणि त्यातले पाच आमच्या ओल्या अल्बममध्ये.

मी ते मोबाइलवर टिपले आणि विकिमीडिया कॉमन्सवर चढवले. विकिपीडियातली बहुतेक चित्रं तिथेच साठवलेली असतात. फॉर्ममध्ये विचारलं होतं, हे काम कोणाचं? मी बिनधास्त "माझं स्वतःचं" वर टिचकी मारली. दोन दिवसांनी माझ्या चर्चापानावर प्रश्न आला: हा छापील फोटोचा फोटो दिसतोय, मूळ फोटो कोणी काढला? त्या व्यक्तीची परवानगी कुठे आहे? सात दिवसांत मिळाली नाही तर चित्र काढून टाकलं जाईल.

मी भडकले. देव आमच्या गावचा, अल्बम आमच्या पेटीतला, आणि कुठला तरी अनोळखी माणूस मला जाब विचारणार? ह्याला अधिकार दिला कोणी?

तर, कोणी दिला? इथून इतिहास सुरू होतो.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. सुरुवातीच्या मंडळींनी एक फार छान गोष्ट केली, शब्द आपल्या गावातून आणले. सगळ्यांनी मिळून बोलायच्या पानाला नाव दिलं चावडी. कच्चं लिहून बघायच्या जागेला धूळपाटी. सांगितलेलं काम निमूट करणाऱ्या संगणकीय बॉटला सांगकाम्या (हा शब्द ज्याला सुचला त्याला माझ्याकडून सोलकढी). आणि एखाद्या प्रस्तावावर सदस्यांचं मत घेणं म्हणजे कौल.

कोकणात कौल म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल. देवाला फुलं किंवा पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देव कारण देत नाही. विकिपीडियावरच्या कौलात नेमकं हेच चालत नाही. तिथे "हो" किंवा "नाही" यापुढे कारण लिहावं लागतं आणि वजन त्या कारणाला असतं. चर्चेचा निष्कर्ष काढणारा नुसती डोकी मोजत नाही, निदान मोजू नयेत अशी रीत आहे.

ही रीत ठेच लागून आली. सुरुवातीच्या वर्षांत नव्या भाषेचा विकिपीडिया हवा असेल तर मागणी करायची, समर्थक गोळा करायचे आणि मतदान व्हायचं. २००६ मध्ये अशा मतदानातून "सायबेरियन" भाषेचा विकिपीडिया मंजूर झाला. नंतर लोकांच्या लक्षात आलं की ही भाषा आईकडून शिकलेला एकही माणूस जगात नाही. रशियनच्या काही बोलींचं मिश्रण करून एका हौशी गटाने ती अलीकडेच तयार केली होती. मतं मिळाली होती, भाषा नव्हती. शेवटी २००७ मध्ये तो विकिपीडिया बंद करावा लागला, आणि तोही भरपूर भांडून.

त्याच सुमारास, २००६ मध्ये, दोन गोष्टी आल्या. एक भाषा समिती आणि दुसरी इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची जागा. आता नुसती मागणी पुरत नाही. भाषेला आंतरराष्ट्रीय मानक सांकेतांक हवा. मातृभाषा म्हणून ती बोलणारे पुरेसे हवेत. "जतन करा", "शोधा" वगैरे पडद्यावरचे नेहमीचे शब्द त्या भाषेत आणून दाखवावे लागतात. आणि मुख्य म्हणजे इनक्युबेटरमध्ये खरे लेख लिहून दाखवावे लागतात, एकट्याने दोन दिवस नव्हे तर अनेकांनी महिनोन्महिने. आधी "पात्र" हा शिक्का मिळतो, "मंजूर" फार नंतर. समितीतही हात वर करून मतदान होत नाही. प्रस्ताव मांडतात, मुदत देतात, आणि कोणी सकारण हरकत घेतली नाही तर तो पुढे जातो.

ऐकायला सोपं वाटतं ना? आपल्या शेजारच्या कोकणीला विचारा. कोकणीने इनक्युबेटरमध्ये २००६ ला पाऊल टाकलं आणि तिचा स्वतंत्र विकिपीडिया उघडला २०१५ च्या जुलैमध्ये. नऊ वर्षं! अडचण लेखांच्या संख्येपेक्षा खोल होती. कोकणी कुठल्या लिपीत लिहायची? गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी आहे. पण गोव्यातच अनेकजण रोमीत लिहितात, वाचतात, गातात. मंगळूरच्या बाजूला कन्नड लिपी चालते. एकाच लिपीचा हट्ट धरला असता, तर उरलेल्यांनी पाठ फिरवली असती. शेवटी तिन्ही लिप्यांतले लेख एकाच घरात राहतील असं ठरलं. मधल्या काळात, २०१३ मध्ये, गोवा विद्यापीठाने आपला चार खंडांचा कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, म्हणजे त्यातला मजकूर कोणालाही श्रेय देऊन वापरता येईल असा. त्याने कामाला मोठं बळ मिळालं.

इथे एक आपल्या किनाऱ्याची गंमत. त्या मानक यादीत "कोकणी" हा एक छत्रीसारखा सांकेतांक आहे. त्याखाली गोव्याच्या कोकणीला वेगळा आणि महाराष्ट्राकडच्या कोकणीला वेगळा. २०१५ ला उघडलेलं दार पहिल्याचं. दुसरं अजून बंदच आहे. सांकेतांक आहे म्हणून उद्या कोणी दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या बोलीसाठी मागणी केली, तर पहिला प्रश्न हाच येईल: लिहिणारे किती? आमच्या घरात आजी ही बोली बोलायची. मी बोलत नाही, समजते फक्त. मग मी मागणी करावी का?

प्रश्न नुसता बोलण्यापुरता नाही. स्कॉट्स भाषेचा विकिपीडिया जुना, रीतसर चालणारा. २०२० च्या ऑगस्टमध्ये उघडकीला आलं की त्यातले हजारो लेख अमेरिकेतल्या एका पोराने लिहिलेत, आणि त्याला स्कॉट्स येतच नाही. लहान वयात सुरू केलं होतं, वाईट हेतू नव्हता. इंग्रजी वाक्यात शब्दकोशातले शब्द बसवत गेला. वर्षानुवर्षं कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेण्याइतके जाणते लोक तिथे फिरकतच नव्हते. उलट तो प्रचालक झाला, म्हणजे पानं काढायचे आणि माणसं रोखायचे अधिकार त्याच्याकडे.

मला ही गोष्ट सायबेरियनपेक्षा जास्त भीतीदायक वाटते. "हरकत नाही म्हणजे संमती" हा नियम स्वयंसेवकांच्या जगात सगळीकडे दिसतो. अपाची फाउंडेशन घ्या, १९९९ पासून जगभरातल्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर सांभाळणारी संस्था. तिथेही गप्प राहिलात तर होकार धरतात. कोडमधला बदल एका "उणे एक" मतानेही अडतो, फक्त त्या नकाराला तांत्रिक कारण जोडावं लागतं, नाहीतर तो बाद. सुंदर नियम आहे, पण तो चालतो कोणीतरी जागं असेल तरच. सहा माणसं रोज येणाऱ्या चावडीवर शांतता म्हणजे संमती. ओस पडलेल्या चावडीवर शांतता म्हणजे नुसती शांतता. आणि आपल्या भारतीय भाषांत नियमित येणारे थोडेच असतात. तेच लिहितात, तेच तपासतात, तेच भांडतात, तेच दमतात.

सांगकाम्याचीच परवानगी बघा. बॉट चालवायचा तर आधी सांगावं लागतं की तो काय करणार, थोडी चाचणी-संपादनं करून दाखवावी लागतात, मग त्याला वेगळी खूण मिळते. भाषाभाषांतले लेख एकमेकांना जोडणारे असे कितीतरी सांगकामे एकेकाळी दिवसरात्र राबत होते. २०१३ मध्ये ते दुवे विकिडेटा या एका सामाईक कोठारात गेले आणि त्यांचं काम संपलं. मंजुरी रद्द करायचीही गरज पडली नाही.

परत माझ्या नोटिशीकडे. हे सगळं वाचताना रागाची जागा हळूहळू लाजेने घेतली. मी "माझं स्वतःचं" म्हटलं होतं ते खोटं होतं. पेटी घरची, पण कॅमेऱ्याच्या मागे काका होते. तो अनोळखी माणूस माझ्यावर अधिकार गाजवत नव्हता, गैरहजर असलेल्या काकांच्या वतीने विचारत होता. आमच्या गावात सापडलेला ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत गणला जातो. त्यावरही माणसांची नावं आहेत, घैसास हे तर आजही ओळखीचं. आणि इथे मी काकांचं नाव पुसून माझं लावलं होतं.

सात दिवस उलटले, फोटो निघाले. परवानगी आली तर काढलेलं चित्र परत आणता येतं, म्हणून मी काकांकडे गेले. ते ओटीवर सुपारी सोलत होते.

"काका, तुमचे गणपतीचे फोटो सगळ्यांसाठी खुले करायचेत. तुमची परवानगी लागेल, लेखी."

"माझी? कशाला? देवाचे फोटो ते."

"काढले तुम्ही ना. म्हणून."

त्यांना आवडलं ते, दिसलं. मग मी परवाना वाचून दाखवला. कोणीही वापरू शकेल, बदलू शकेल, विकूही शकेल, फक्त तुमचं नाव द्यावं लागेल, आणि बदल करून पुढे दिलं तर ह्याच अटीवर.

"विकू पण शकेल?" अडकित्ता थांबला. "म्हणजे तो हायवेवरचा रिसॉर्टवाला माझा फोटो मोठा करून लावेल नि मला चार आणे देणार नाही?"

"नाही देणार. नाव मात्र द्यावं लागेल."

"आणि मी नंतर नको म्हटलं तर?"

"दिलेला परवाना परत घेता येत नाही, काका."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मी वाट बघत बसले, आणि मनात आलं, ही शांतता होकार धरायची नाही. संध्याकाळी त्यांनी अल्बम मागवला. पाचही फोटो उन्हात धरून बघितले. चार माझ्यापुढे सरकवले. माझ्या फोनवरून त्यांचं ईमेल खातं उघडलं, त्यांनी एका बोटाने नाव टाइप केलं, आणि परवानगी गेली. तिकडेही ती पत्रं स्वयंसेवकच वाचतात, त्यामुळे उत्तराला वेळ लागला. पण चारही फोटो परत आले, खाली छायाचित्रकार म्हणून काकांचं नाव.

पाचव्यात मुखवट्यासमोर आजी उभी आहे, हात जोडून, डोळे मिटून. तो काकांनी दिला नाही.

"तिला कोण विचारणार?" म्हणाले, आणि अल्बम पेटीत ठेवला.