खरेदीखत आणि परवाना : दक्षिण फ्रान्समधील परक्यांची घरे

दक्षिण फ्रान्समध्ये एखादे जुने दगडी घर शोधणे, ते विकत घेणे, गवंडी आणि प्लंबर यांची वाट पाहत त्याची डागडुजी करणे आणि अखेरीस या साऱ्या खटाटोपाचे पुस्तक करणे, हा इंग्रजी गद्यातील एक रुळलेला प्रकार आहे. पीटर मेलचे ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ (१९८९) हे त्याचे सर्वाधिक खपलेले उदाहरण. ऊन, द्राक्षमळे, जेवणाची लांब टेबले आणि विक्षिप्त शेजारी एवढ्याच सामग्रीवर उभे राहिलेले लेखन म्हणून ते बाजूला सारणे सोपे आहे. परंतु या लेखनामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याच्या मध्यभागी एक प्रश्न आहे : परक्या भूमीत घर कोणाला मिळते, आणि राहण्याचा अधिकार कोणाला?

या इतिहासाचा आरंभ सुखासाठी नव्हे, दुखण्यासाठी झाला. स्कॉटिश कादंबरीकार टोबायस स्मॉलेट १७६३ च्या अखेरीस नीसला पोहोचला तो प्रकृती ढासळल्यामुळे. त्या वेळी नीस फ्रान्समध्ये नव्हतेच. ते सार्डिनियाच्या राज्याचा भाग होते आणि कायमचे फ्रान्सकडे गेले ते १८६० मध्ये. स्मॉलेटने भाड्याने घर घेतले, समुद्रस्नान केले, हवामानाच्या नोंदी ठेवल्या, आणि डास, पिसवा व स्थानिक लोक यांच्याविषयीच्या तक्रारींसह हे सारे १७६६ च्या प्रवासवर्णनात लिहून काढले. घरमालक, नोकर आणि कारागीर यांच्याविषयी कुरकुर करणारा परदेशी निवेदक इथेच जन्माला आला, असे म्हणता येईल. मेलचा निवेदक सौम्य आहे, खेळकर आहे. पण वंश तोच.

१८३४ साली इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर हेन्री ब्रूअम आजारी मुलीला घेऊन इटलीकडे निघाले होते. कॉलऱ्याच्या साथीमुळे सार्डिनियाची सरहद्द बंद होती. नाइलाजाने ते कान या कोळ्यांच्या लहानशा गावी थांबले, तिथे जमीन घेतली आणि मुलीच्या नावाने बंगला बांधला. मुलगी १८३९ मध्ये गेली. ब्रूअम पुढेही कानला येत राहिले आणि १८६८ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यामागोमाग इंग्रज उमराव आले, १८६३ मध्ये रेल्वे कानपर्यंत आणि १८६४ मध्ये नीसपर्यंत पोहोचली. १८८७ साली स्तेफान लिएजारच्या पुस्तकाने या किनाऱ्याला ‘कोत दाझ्यूर’ म्हणजे ‘निळा किनारा’ हे नाव दिले. म्हणजे बंगले आधी आले आणि नाव नंतर.

हवापालटासाठी येणाऱ्यांची ही परंपरा विसाव्या शतकातही टिकली. धाकटा भाऊ युद्धात गेल्यानंतर कॅथरीन मॅन्सफील्ड १९१६ च्या आरंभी बांदोल येथील भाड्याच्या घरात राहिली आणि तिथे ‘द अ‍ॅलो’ या दीर्घकथेवर काम करत होती. त्यातूनच पुढे ‘प्रेल्यूड’ (१९१८) सिद्ध झाली. भूमध्य समुद्राकाठच्या घरात बसून तिने लिहिले ते न्यूझीलंडमधल्या बालपणीच्या घराविषयी. परक्या घराचा साहित्याला होणारा उपयोग अनेकदा असाच असतो : ते विषय होत नाही, विषयापासूनचे अंतर पुरवते.

किनाऱ्यामागच्या डोंगराळ भागातील घरांची कथा मात्र वेगळी आहे. लुबेरों परिसरातील गावांमध्ये विक्रीला आलेली रिकामी घरे परदेशी खरेदीदाराला ‘कालातीत’ वाटतात. ती रिकामी का पडली, हे तो क्वचितच विचारतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशावर लागोपाठ तीन आघात झाले. रेशमाच्या किड्यांवर रोग पडला. मंजिष्ठेपासून लाल रंग काढण्याचा धंदा कृत्रिम अलिझरिनच्या शोधाने (१८६८) बुडाला. आणि त्याच सुमारास फिलोक्सेरा या किडीने द्राक्षवेलींची मुळे पोखरली. त्यातून माणसे मार्सेयसारख्या शहरांकडे गेली. उरलेल्यांतली कित्येक तरुण माणसे पहिल्या महायुद्धात गेली. ज्या शांततेसाठी आज पैसे मोजले जातात, ती या ओसाडीची शांतता आहे.

ही दुसरी बाजू साहित्यात पाहायची तर मार्सेल पान्योलकडे जावे लागते. १९५२ मध्ये त्याने ‘मानों दे सूर्स’ हा चित्रपट केला आणि १९६३ मध्ये तीच कथा दोन भागांच्या कादंबरीत विस्ताराने लिहिली. शहरातला एक कुबडा करवसुली कारकून आईकडून वारशाने आलेल्या शेतावर बायकामुलीसह राहायला येतो. शेजारच्या काका-पुतण्यांचा त्या जमिनीवर डोळा असतो. ते शेतातला झरा गुपचूप बुजवून टाकतात. गावाला झरा ठाऊक असतो, पण कोणी बोलत नाही, कारण त्याची आई पलीकडच्या गावात लग्न करून गेलेली. पाण्यासाठी विहीर खोदताना सुरुंगाच्या स्फोटात तो माणूस मरतो. आणि तो आपलाच मुलगा होता, हे त्या म्हाताऱ्या काकाला फार उशिरा कळते. परका म्हणजे इंग्रज नव्हे, चार कोस पलीकडचासुद्धा. आणि जमिनीचा खरा मालक तो, ज्याला पाण्याची जागा सांगितली जाते, हे पान्योल दाखवतो. क्लोद बेरीने या कादंबरीवर केलेले दोन चित्रपट १९८६ मध्ये आले आणि मेलचे पुस्तक त्यानंतर तीनच वर्षांनी. दोहोंना एकत्र वाचल्याशिवाय प्रोव्हान्सचे घर पुरते दिसत नाही.

खुद्द कायद्यानेही या घरांना कथानके पुरवली आहेत. १८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेने मुलांचा वारसा सुरक्षित केला. त्यामुळे एकाच घराचे अनेक सहहिस्सेदार होतात, आणि एखाद्याची सही अडली की व्यवहार अडतो. सातबाऱ्यावरची नावे वाचत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘व्हियाजे’ नावाची पद्धत त्याहून विलक्षण : खरेदीदार वृद्ध विक्रेत्याला तो जिवंत असेपर्यंत दरमहा रक्कम देतो आणि मृत्यूनंतर घराचा ताबा घेतो. आर्ल गावच्या झान काल्मां यांनी १९६५ मध्ये, नव्वदीत असताना, आपले घर असे विकले. खरेदी करणारे वकील १९९५ मध्ये वारले. बाई १९९७ मध्ये, १२२ व्या वर्षी. मोपासाँने लिहावी अशी ही गोष्ट वास्तवातच घडली.

या इतिहासाचे सर्वांत गंभीर पर्व मात्र १९३३ नंतरचे. अ‍ॅल्डस हक्सलीने १९३० मध्ये सानारी या बंदरवजा गावात घर घेतले आणि ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ तिथेच लिहिली. हिटलर सत्तेवर आल्यावर त्याच गावात जर्मन लेखकांची रीघ लागली. थोमास मान १९३३ च्या उन्हाळ्यात तिथे होता. लिओन फॉइश्टवांगरने मोठे घर घेऊन नव्याने ग्रंथसंग्रह जमवला. फ्रान्झ वेर्फेल एका जुन्या बुरुजात राहू लागला. ऊन तेच, समुद्र तोच, घरे तीच. परंतु हे भाडेकरू परत जाऊ शकत नव्हते. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच फ्रान्सने त्यांना ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ ठरवले. फॉइश्टवांगरला एक्स शहराजवळच्या ले मील येथील विटा-कौलांच्या कारखान्यात डांबले गेले. तो सुटून अमेरिकेला पोहोचला. परंतु १९४२ मध्ये त्याच छावणीतून सुमारे २,००० ज्यूंना मृत्युछावणीच्या वाटेवर पाठवण्यात आले.

या काळाची कादंबरी म्हणजे आना झेगर्सची ‘ट्रान्झिट’. १९४०-४१ च्या मार्सेयमध्ये माणसे जागा शोधत फिरतात, पण हे घर शोधणे नव्हे. तिथे तात्पुरते राहण्याचा परवाना हवा असेल तर आपण निघून जाणार आहोत, हे सिद्ध करावे लागते. राहण्याची अट म्हणजे जाण्याची तयारी. कादंबरीचा निवेदक अखेर जहाजावरची जागा सोडून देतो आणि जवळच्या एका शेतावर काम करत तिथेच राहण्याचे ठरवतो. दक्षिण फ्रान्समध्ये स्थायिक होण्याच्या कथांपैकी ही एक आहे, असे सहसा कोणी म्हणत नाही, म्हटले पाहिजे. मराठी वाचकाच्या मनात मार्सेयचे नाव ८ जुलै १९१० च्या सावरकरांच्या उडीशी जोडलेले आहे. त्या भूमीला पाय लागल्याने आश्रय मिळतो का, हा तोच प्रश्न तेव्हाही होता. १९११ मध्ये हेगच्या लवादाने निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला.

हे सारे ध्यानात घेऊन मेलकडे परतले, तर त्याचे पुस्तक लहान होत नाही, अधिक नेमके वाचता येते. बारा महिन्यांची बारा प्रकरणे हा त्याचा आराखडा शेतीच्या वर्षाचा आहे. जानेवारीच्या थंडीत नळ फुटतात आणि निसर्गरम्य हवामानाचा भ्रमही फुटतो. त्याच्या मालकीच्या द्राक्षमळ्यात शेजारी बटईने कसतो : नव्या वेलींचा खर्च मालकाचा, मेहनत कुळाची, उत्पन्नाचे दोन हिस्से कुळाला आणि एक मालकाला. हा जुना करार मेलने प्रामाणिकपणे नोंदवला आहे. त्या शेजाऱ्याची बाजू मात्र आपल्याला विनोदाच्या गाळणीतून मिळते. कामगार वेळेवर येत नाहीत, ही गंमत खरेदीदाराला परवडते. कारण त्याला घाई असली, तरी धोका नाही.

तो धोका नसणे हाच या प्रकाराचा अदृश्य पाया होता. २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून परिस्थिती बदलली. आता फ्रान्समध्ये घर असलेल्या, पण निवासाचा परवाना वा दीर्घ मुदतीचा व्हिसा नसलेल्या ब्रिटिश नागरिकाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच तिथे राहता येते. खरेदीखत त्याच्या कपाटात आहे, घराच्या किल्ल्या त्याच्या खिशात आहेत. तरी दिवस मोजावे लागतात. झेगर्सच्या निर्वासितांशी त्याची बरोबरी करणे अर्थातच असभ्यपणाचे होईल. एकाच्या जिवावर बेतले होते, दुसऱ्याची केवळ गैरसोय आहे. परंतु मालकी आणि वास्तव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मेलच्या वाचकाला आता स्वतःच्या कागदपत्रांत वाचावे लागते.

ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला ‘एक्स्पॅट’ म्हणायचे, ज्याच्यामागे पोलीस आहेत त्याला ‘निर्वासित’, आणि १९६२ मध्ये अल्जीरियातून याच बंदरावर उतरलेल्या लाखोंसाठी आणखी तिसरेच शब्द. ही वर्गवारी ग्रंथालयाच्या कपाटांतही उतरली आहे : मेल प्रवासवर्णनांत, झेगर्स युद्धसाहित्यात, पान्योल प्रादेशिक कादंबरीत. वर्गात ही तिन्ही पुस्तके एकाच आठवड्यात शेजारी ठेवून पाहावीत. जमीन एकच आहे. तिच्यावर कोण कशाच्या बळावर उभा आहे, हे तेव्हा दिसू लागेल.