नाराजीनामा

राजीनामा मी आयुष्यात एकदाच दिला. तोही आमच्या सोसायटीच्या खजिनदारपदाचा. म्हणजे ज्या पदासाठी मी उभा राहिलो नव्हतो, मला कुणी निवडून दिलं नव्हतं आणि ज्या सभेत माझी नेमणूक झाली तिला मी हजरही नव्हतो, त्या पदाचा. (जो गैरहजर तो खजिनदार, अशी आमच्याकडची प्रथा आहे.) अकरा वर्षांनी मी एका कागदावर 'आता झेपत नाही, मोकळं करावं' असं लिहून दिलं आणि संध्याकाळपर्यंत तीन मजल्यांवर तीन कारणं तयार झाली. पहिल्या मजल्यावर मी पाण्याच्या टाकीच्या कामात पैसे खाल्ले होते. दुसऱ्यावर मला चेअरमन व्हायचं होतं. तिसऱ्यावर मी अमेरिकेला मुलाकडे कायमचा चाललो होतो. मला मुलगा नाही, हे त्या मजल्याला चांगलं माहीत आहे.

"अहो, राजीनामा या शब्दाचा अर्थ तरी ठाऊक आहे का या लोकांना?" तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार माझी बाजू घेत म्हणाले. "मूळ फारशी शब्द. राजी असल्याचा कागद! पूर्वी खातेदाराला जमीन सोडायची असली की तो राजीनामा लिहून द्यायचा आणि जो घेणार तो कबुलायत लिहून द्यायचा. राजीखुशीचा मामला." मला बरं वाटलं. एवढ्यात ते खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "ते राहू दे. आपल्यात म्हणून सांगा, खरं कारण काय?"

त्या रात्री मला हॅरल्ड विल्सन आठवले.

विल्सनसाहेब हे इंग्लंडच्या मजूर पक्षाचे पंतप्रधान. पाच निवडणुका लढवून त्यांतल्या चार त्यांनी पदरात पाडून घेतलेल्या. चारचौघांत पाईप आणि घरात सिगार ओढणारा, अंगावर तो ठरावीक गॅनेक्सचा रेनकोट, आणि स्मरणशक्ती अशी की कुठल्या तारखेला कोण काय बोललं ते कागद न बघता सांगायचे. ११ मार्च १९७६ला त्यांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि पाचच दिवसांनी, १६ मार्चला, त्यांनी मंत्रिमंडळाला सांगितलं की मी जातो. पक्षात बंड नाही, निवडणूक हरलेली नाही, डॉक्टरनं खाटेवर टाकलेलं नाही. पुष्कळ वर्षं झाली, इतरांनाही संधी मिळायला हवी, असं त्यांचं म्हणणं. राणीच्या कानावर तर त्यांनी महिने आधीच घातलं होतं. म्हणजे शब्दशः राजीनामा. राजी होऊन दिलेला.

आणि इंग्लंडात एकाही माणसाचा त्यावर विश्वास बसला नाही!

यात इंग्रज माणसाचा सगळाच दोष नाही म्हणा. आधीच्यांनी त्याला तसा अनुभव दिला होता. जानेवारी १९५७मध्ये अँथनी ईडन प्रकृतीचं कारण देऊन गेले. प्रकृती खरोखरच बिघडलेली होती. १९५३ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत चूक झाली ती त्यांना जन्मभर पुरली. पण सुएझच्या प्रकरणात देशाची नाचक्की झालेली, पेट्रोलच्या रेशनिंगची तयारी चाललेली, आणि पंतप्रधान हवापालटाला जमैकात, जेम्स बाँडच्या जनकाच्या बंगल्यावर. आता अशा माणसाचं पित्त कोण खरं मानणार? त्यांच्या मागून आलेले मॅकमिलन ऑक्टोबर १९६३मध्ये प्रोस्टेटच्या दुखण्यानं इस्पितळात पडले आणि आता आपलं काही खरं नाही म्हणून त्यांनी पद सोडलं. दुखणं साधं निघालं. त्यानंतर ते २३ वर्षं जगले, १९८६च्या डिसेंबरात वारले तेव्हा ९२ वर्षांचे होते. म्हणजे प्रकृतीचं कारण सांगणारा एक जण लोकांना खोटा वाटला आणि दुसऱ्याला प्रकृतीनंच खोटं पाडलं. मग जो प्रकृतीचंही कारण सांगत नाही, तो तर पक्का लबाड!

तेव्हा तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, पौंड बुडतोय ते याला आधी कळलं. हे अगदीच हवेतलं नव्हतं. त्याच महिन्यात पौंड पहिल्यांदा दोन डॉलरच्या खाली घसरला होता, आणि त्याच वर्षी सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावं लागलं. कुणी म्हणालं, हा रशियाचा हस्तक आहे आणि आता पकडला जाणार. कुणी म्हणालं, तसं नव्हे, इंग्लंडच्याच हेरांनी याला घालवला. गंमत म्हणजे या शेवटच्या तर्काला खुद्द विल्सनसाहेबांनीच खतपाणी घातलं. पद सोडल्यावर दोन पत्रकारांना घरी बोलावून, हेरखात्यातले लोक माझ्या वाईटावर आहेत, शोध घ्या, असं सांगितलं. पुढे १९८७ साली पीटर राइट या माजी हेरानं पुस्तक लिहून, आमच्या खात्यातले काही लोक खरंच विल्सनच्या मागे होते, असं छापलं. सरकारनं इंग्लंडात त्या पुस्तकावर बंदी आणली, त्यामुळे ते साहजिकच भरपूर खपलं.

त्यात आणखी जाता जाता द्यायच्या मानपदव्यांची यादी आली. तिकडे मावळत्या पंतप्रधानाला अशी यादी देता येते. विल्सनच्या यादीत उद्योगपतींची इतकी गर्दी होती की मजूर पक्षातला मजूर शोधावा लागे. रेनकोटवाले जोसेफ केगन लॉर्ड झाले आणि १९८० साली तुरुंगात गेले. ही यादी विल्सनच्या सेक्रेटरीबाईंनी फिकट जांभळ्या कागदावर लिहिली, असं त्यांच्याच वृत्तसचिवानं पुस्तकात लिहिलं, आणि कागदाच्या रंगाची चर्चा राजीनाम्यापेक्षा जास्त झाली.

तरुणांना वाव हवा म्हणून ते गेले म्हणावं, तर जागेवर आले जेम्स कॅलहॅन. वय ६४. विल्सनपेक्षा चार वर्षांनी मोठे!

माझा असा अनुभव आहे की ढकलून काढलेल्या माणसाच्या बाबतीत लोकांचं डोकं अगदी शांत असतं. कारण शोधावं लागत नाही. नोव्हेंबर १९९०मध्ये मार्गारेट थॅचरबाईंना त्यांच्याच हुजूर पक्षानं घालवलं. साडेअकरा वर्षं राज्य केलेली बाई. नेतेपदाच्या मतदानात २०४ विरुद्ध १५२ अशी पुढे असूनही नियमाप्रमाणे चार मतं कमी पडली, आणि मग एकेका मंत्र्यानं खोलीत येऊन 'आता काही खरं नाही' असं सांगितलं. २२ तारखेला त्यांनी राजीनामा जाहीर केला. याला राजीनामा म्हणायचं म्हणजे भाषेवर अत्याचार आहे. हा नाराजीनामा. मोटारीत बसताना त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी फोटोत टिपलं गेलं. ज्यांच्या खाणी बंद पडल्या, ज्यांना माणशी पोल टॅक्सची बिलं आली, त्यांनी आपला आनंद मुळीच लपवला नाही. आणि बाईंना मानणारी माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी सुन्न झाली. पण खरं कारण काय, असं कुणी कुणाला विचारलं नाही.

लिझ ट्रसबाईंच्या वेळी, २०२२ साली, तर लोकांनी कारण सोडाच, निकालसुद्धा आधीच लावून ठेवला. एका दैनिकानं ६० पेन्सचा लेट्यूसचा गड्डा आणला, त्याला डोळे चिकटवले, डोक्यावर टोप चढवला, आणि हा आधी सडतो की बाई आधी जातात ते बघा म्हणून कॅमेरा लावून ठेवला. २० ऑक्टोबरला, कारकिर्दीच्या ४५व्या दिवशी, बाईंनी राजीनामा जाहीर केला. गड्डा जिंकला. अख्खा देश भाजी सडते की नाही ते बघत बसला होता! पण हसणाऱ्यांतल्या पुष्कळांचे घरांचे हप्ते बाईंच्या त्या अर्थसंकल्पानं वाढले होते, हेही सांगायला हवं. माजी पंतप्रधानाला सार्वजनिक कामाच्या खर्चापोटी वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत मिळू शकतात, हे कळल्यावर लोकांचं हसू थोडं कमी झालं.

तर विल्सन. १९७९ साली बीबीसीनं त्यांना गप्पांच्या एका कार्यक्रमाचं यजमानपद दिलं. दोनच भाग झाले. प्रश्न विचारता विचारता सूत्र हरवायचं, मध्येच नको इतका वेळ शांतता. टीव्हीवरचा हा एक फजितीचा नमुना म्हणून लोक पुढे कितीतरी वर्षं त्याला हसले. मे १९९५मध्ये ते गेले, तेव्हा कर्करोगाच्या जोडीला स्मृतिभ्रंशही होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मेंदूतज्ज्ञानं त्यांची पार्लमेंटातली उत्तरं तपासली, आधीची आणि राजीनाम्याच्या सुमाराची. शब्दांत फरक पडत चालल्याच्या खुणा त्यांत दिसल्या. त्यांना स्वतःला ते जाणवलं होतं का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण ज्याला तारखा कागद न बघता आठवायच्या, त्याला एखादी तारीख आठवेनाशी झाली, तर ते सगळ्यांत आधी त्यालाच कळणार ना?

सिली बेटांवर त्यांचा छोटासा बंगला होता. पंतप्रधानाचं घर कधीच न आवडलेल्या त्यांच्या पत्नी मेरीबाई तिथं रमायच्या. त्या कविता करायच्या आणि १०२ वर्षं जगल्या. विल्सनना त्या बेटावरच पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामलेदारांकडे गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "गेल्या वर्षापासून एकाच पानाची बेरीज दोनदा केली की दोन वेगवेगळी उत्तरं येतात. तिसऱ्यांदा केली की तिसरंच. पूर्वी मी अख्खी वही तोंडी करायचो. म्हणून सोडलं."

मामलेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. चहा मागवला. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "तुम्ही लोकांना सांगायला हे ठीक आहे. पण टाकीचं नेमकं काय झालं?"