उदरातील वायू आणि खांद्यातील वेदना

पित्ताशयातील खडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा खांदाच अधिक दुखतो अशी तक्रार करू लागला, म्हणजे घरच्या मंडळींस नवल वाटते. टेबलावर हात अवघडला असावा, असा तर्कही कोणी करतो. वस्तुतः या वेदनेचे एक प्रमुख कारण म्हणजे शस्त्रक्रियेसाठी उदरात भरलेला वायू. तो किती दाबाने भरावा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या इतिहासात शल्यविद्येची दृष्टी कशी पालटत गेली हे स्पष्ट दिसते.

पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख या शल्यविशारदाने १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे केली. त्यानंतर शंभर वर्षे हे काम पोट उघडूनच होत असे. उदरात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना मात्र निराळ्याच हेतूने जन्मास आली. १९०१ साली गेओर्ग केलिंग याने कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत डोकावून पाहिले. पोटातील रक्तस्राव हवेच्या दाबाने थांबवावा, असा त्याचा मानस होता. म्हणून आजच्या मानाने कितीतरी अधिक दाब तो इष्ट समजत असे. येणेप्रमाणे जो दाब आपण आज जपून वापरतो, तो आरंभी औषध म्हणूनच पुढे आला.

१९२४ साली स्वित्झर्लंडच्या झोलिकोफर याने हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सुचविला. सोडावॉटरच्या बाटलीत बुडबुडे उठविणारा तोच हा वायू. तो पेट घेत नाही, रक्तात सत्वर विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. हंगेरीच्या व्हेरेस याने क्षयरोग्याच्या छातीत हवा भरण्यासाठी बनविलेली सुई पुढे याच कामी आली. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीच्या कुर्ट झेम याने वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र सिद्ध केले, आणि अंदाजाच्या जागी आकडा आला. १९८५ साली एरिख म्यूए याने जर्मनीत व १९८७ साली फिलिप मूरे याने फ्रान्समध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले. आपल्या देशात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरली आणि १९९० साली तिच्या साहाय्याने पित्ताशय काढले.

दाबाचा रूढ आकडा पाऱ्याच्या १२ ते १५ मिलीमीटरांचा ठरला. पोटाची भिंत तंबूसारखी उचलली जावी व शल्यविशारदास आतील अवयव स्वच्छ दिसावेत, हा त्यामागील हेतू होय. पण शरीरास याची किंमत द्यावी लागते. मोठ्या शिरांतील रक्ताचा दाब मुळातच थोडा. त्या चेपल्या जाऊन हृदयाकडे परतणारे रक्त घटते. श्वासपटल वर रेटले जाते आणि भूलतज्ज्ञास श्वासाची गती वाढवावी लागते. श्वासपटलाची नस व खांद्याची संवेदना मानेतील एकाच भागाशी निगडित असल्यामुळे श्वासपटल ताणले म्हणजे दुःख खांद्यास जाणवते.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. या जिल्ह्यात अंबाजोगाई येथे १९७० नंतरच्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शहरातील विद्या खेड्यापर्यंत न्यावी, हा त्यामागील उद्देश होता. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची. आणि दिवस बुडाला तर खाडा कापला जावयाचा. अशा स्त्रीस खड्यांची व्यथा जडली, तर तिचा खांदा चार दिवस दुखणे ही केवळ तिची पीडा राहत नाही. मोळी उचलावयाची ती त्याच खांद्याने. आणि एक हात थांबला की सबंध कोयता थांबतो. रुग्ण जगला आणि टाके भरले, एवढ्यावर तिच्यापुरता हिशेब पुरा होत नाही.

मग दाब सरसकट उतरवावा काय? तसे नाही. २००२ साली युरोपातील दुर्बीण-शल्यविशारदांच्या संघाने सांगितले की, ठराविक आकडा न धरता, अवयव नीट दिसतील एवढाच, म्हणजे कमीत कमी, दाब वापरावा. पुढे २०१४ च्या कॉक्रेन समालोचनात असे आढळले की, सुमारे ९० टक्के रुग्णांत कमी दाबाने शस्त्रक्रिया पार पडते. परंतु एरवी प्रकृती धडधाकट असलेल्यांस त्याचा निश्चित लाभ होतो, असे म्हणण्याजोगा पुरावा त्यात मिळाला नाही. शिवाय दृष्टी अंधुक होऊन पित्तनलिकेस इजा झाली, तर खांद्याच्या दुःखापेक्षा ते संकट शतपटीने मोठे. आणि खेड्यातील रुग्णास त्यावरील उपचारासाठी दूरच्या शहरी जावे लागते. म्हणून दाब कमी करून पाहावा, पण आतील रचना स्पष्ट न दिसल्यास तो वाढविण्यात कमीपणा मानू नये.

केलिंगच्या प्रयोगास शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या काळात यंत्राने वायूचा दाब मोजावयास शिकविले. रुग्णाचे दुःख मोजण्याची सवय मात्र आपल्या विद्येस उशिराच लागली. यंत्रावरील आकड्याशेजारी ती स्त्री कोणत्या दिवशी पुन्हा मोळी उचलू शकली, हेही जेव्हा लिहिले जाईल, तेव्हाच हा हिशेब पुरा झाला असे म्हणता येईल.