व्हिडिओ कॉल लागत नाही? आधी दार कुठे बंद आहे ते ओळखा

आटपाडी-खानापूर भागातली माणसं पोटापाण्यासाठी लांब गेलेली असतात. सोने-चांदी गाळणारे आपल्याकडचे गलाई कारागीर देशभर पसरलेत. कुणाचा मुलगा पुण्याच्या हॉस्टेलवर आहे, कुणाचा जावई दुबईत आहे. ईदला सगळ्यांना एकच हवं असतं, चेहरा दिसला पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर ‘कनेक्ट होत आहे’ एवढंच फिरत राहतं. मेसेज जातात, फोटो जातात, मग व्हिडिओ का अडतो?

मेसेज जातो, कॉल का अडतो?

मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून समोरच्याला मिळतो. व्हिडिओ कॉल मात्र शक्यतो एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जायला बघतो. घरचा राउटर आतून बाहेर जाणारं सोडतो, पण बाहेरून न बोलावता आलेलं आत घेत नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंची ॲप्स आधी एका सर्व्हरला विचारतात, ‘आम्ही बाहेरून कोणत्या पत्त्यावर दिसतो?’ या सोयीला ‘स्टन’ म्हणतात. थेट वाट मिळाली नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत कॉल फिरवला जातो, तो ‘टर्न’. आवाज आणि चित्र बहुधा ‘यूडीपी’ या पद्धतीने जातं. फायरवॉलने यूडीपीच बंद केलं, तर मेसेज चालू आणि कॉल बंद, असा प्रकार होतो.

आधी ही तपासणी करा

सेटिंग बदलण्याआधी या चार गोष्टी क्रमाने बघा.

१. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का, ॲप अपडेट आहे का, कॅमेरा आणि माइकची परवानगी दिली आहे का?
२. वायफाय बंद करून सिमच्या नेटवर कॉल लावा. लागला तर अडचण घरच्या वायफायची आहे.
३. लागला नाही तर गावातल्याच दुसऱ्या नातेवाइकाला कॉल करून बघा. तो लागला तर बहुधा अडचण समोरच्या बाजूला आहे.
४. समोरच्यालाही हेच करायला सांगा.

पाच मिनिटांत कळतं की बंद दार तीनपैकी कोणतं आहे: घरचा राउटर, संस्थेची फायरवॉल की त्या देशाचा नियम.

पहिलं दार: घरचा राउटर

हे आपल्या हातात आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. तेवढ्याने भागलं नाही तर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका. बरोबर पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. फायरवॉल ‘हाय’वर असेल तर ‘मीडियम’ करा, पूर्ण बंद करू नका. ‘पॅरेंटल कंट्रोल’मध्ये आपला फोन अडकलाय का, तेही बघा.

फायबरवाल्याच्या डब्याला आपण दुकानातून आणलेला दुसरा राउटर जोडला असेल, तर दुहेरी अडथळा तयार होतो. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर ठेवा.

‘सगळे पोर्ट उघडून टाका’ किंवा ‘डीएमझेड चालू करा’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. व्हिडिओ कॉलला त्याची गरज नसते, उलट घर उघडं पडतं.

दुसरं दार: हॉस्टेल, ऑफिस, कंपनीचं वायफाय

इथे आपण विनंती करू शकतो. ‘नेट चालत नाही’ असं मोघम सांगण्यापेक्षा नेमकं सांगा. गुगल मीटला यूडीपी ३४७८ पोर्ट लागतो. झूमला यूडीपी ८८०१ ते ८८१० लागतात. दोन्ही ॲप्स अडचणीत टीसीपी ४४३ वरूनही चालू शकतात, पण चित्र अडखळतं. परवानगी नाही म्हणाले तर सिमचं नेट वापरा.

तिसरं दार: त्या देशाचा नियम

संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे दुबई, अबुधाबी, शारजात, व्हॉट्सॲपचे मेसेज चालतात, पण कॉलवर निर्बंध आहेत. तिथे राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. तिथली दूरसंचार नियामक संस्था ठरावीक कॉलिंग ॲप्सना परवानगी देते, बोटिम त्यातलंच एक. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशा ॲप्सनाही वाट मोकळी केली होती. सध्याची यादी आणि प्लॅन तिथल्या सिम कंपनीकडून विचारून घ्यावा. लक्षात ठेवा, तेच ॲप इकडे अम्मी-अब्बांच्या फोनमध्येही लागतं. सुट्टीवर आलेल्या मुलाकडून ते टाकून आणि शिकून घ्या.

दार कधी आपल्या बाजूलाही बंद असतं. मे २०२३ मध्ये भारत सरकारने १४ मेसेंजर ॲप्सवर बंदी घातल्याचं जाहीर झालं, त्यात आखातातल्या घरांत वापरलं जाणारं आयएमओ होतं.

व्हीपीएनबद्दल स्पष्ट सांगतो. ‘हे टाक, कॉल लागतो’ असं मित्र सांगतात. पण अमिरातीच्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी नेटचा पत्ता बदलला तर कैद, किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. बंद सेवा उघडण्यासाठी व्हीपीएन वापरणं याच कचाट्यात सापडू शकतं. एका कॉलसाठी पोराची नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नये. घरच्यांनीही त्याला ‘कसंही कर, पण तोंड दाखव’ असा आग्रह धरू नये.

शेवटची खबरदारी

कॉल दुरुस्त करून देतो म्हणून अनोळखी माणूस स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगत असेल, ओटीपी मागत असेल, तर फोन ठेवून द्या. त्याच फोनमध्ये आपलं बँकेचं खातं असतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर तक्रार नोंदवा.